युद्धात शहर कसं चालतं, आणि आधी काय बंद करावं लागतं

31 ऑक्टोबर 2022 च्या सकाळी युक्रेनची राजधानी कीवमध्ये सुमारे 80 टक्के ग्राहकांच्या नळांना पाणी येईना. रशियाच्या हल्ल्यात मार बसला होता तो शहराजवळच्या वीजव्यवस्थेला. नदीत पाणी होतं, जमिनीखालचे नळ होते, पंप फिरवायला वीज नव्हती. लोक कॅन आणि बाटल्या घेऊन सार्वजनिक विंधन विहिरींच्या नळांसमोर रांगा लावून उभे राहिले.

युद्धातलं शहर म्हटलं की डोळ्यांसमोर कोसळलेल्या इमारती येतात. शहर बंद पडतं ते मात्र बऱ्याचदा अशा साखळीमुळे. वीज गेली की पाणी जातं, पाणी गेलं की मैला तुंबतो, मैला तुंबला की रुग्णालयं भरतात, आणि रुग्णालयाला पुन्हा पाणी आणि वीजच लागते. त्यातून डिझेल, क्लोरीन, सुटे भाग आणि माणसं, सगळ्याचीच टंचाई. अशा वेळी सगळं चालू ठेवणं कुठल्याच नगर प्रशासनाला जमत नाही. काय बंद ठेवायचं, किती वेळ, कुणाचं आणि कोणत्या क्रमाने, हे ठरवणं हेच त्याचं मुख्य काम होऊन बसतं. हे निर्णय कसे घेतले जातात ते नागरिकांना ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण या निर्णयांची झळ त्यांनाच बसते आणि निर्णयांबद्दलचे गैरसमजही सर्वात जास्त असतात.

अंधार वाटून घेणं

सुरुवात विजेपासून करावी लागते. वीज शहराच्या मापाने साठवण्याची सोय फार थोडी असते. ज्या क्षणी जितकी वापरली जाते, तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. हा मेळ बसतोय का, हे वारंवारितेवरून, म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला किती आवर्तनं करतो त्यावरून, कळतं. जगातल्या बहुतेक देशांत ती 50 हर्ट्झ असते. मागणी वाढली आणि निर्मिती अपुरी पडली की जनित्रांवर ताण येतो, त्यांचा वेग मंदावतो आणि वारंवारिता घसरते. फार घसरली तर यंत्रं स्वतःच्या बचावासाठी आपोआप जाळ्यातून बाहेर पडतात. एक बाहेर पडलं की उरलेल्यांवरचा बोजा वाढतो, मग दुसरं पडतं. असं अख्खं जाळं बघता बघता कोसळू शकतं, आणि ते पुन्हा उभं करणं महाकठीण असतं, कारण बहुतेक वीजकेंद्रांना स्वतः सुरू व्हायलाही बाहेरून वीज लागते.

म्हणून नियंत्रण कक्षातले अभियंते जाळं कोसळायची वाट न बघता शहराचा काही भाग स्वतःच तोडतात. जाणूनबुजून तोडलेला भाग दोन-चार तासांनी जोडता येतो. हेच भारनियमन.

इथेच लोकांचा सर्वात मोठा संताप असतो: शेजारच्या इमारतीत दिवे झगमगतात आणि आमच्याकडेच अंधार का? कधीकधी वशिलेबाजी असतेही, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण बहुतेक वेळा उत्तर तारांच्या रचनेत असतं. उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीला फीडर म्हणतात. उपकेंद्रात बसून बंद-चालू करता येतो तो अख्खा फीडर, एकेक घर नाही. एखाद्या फीडरवर रुग्णालय किंवा पाण्याचा पंप असला तर तो बंद करता येत नाही, आणि मग त्याच फीडरवरच्या कपड्यांच्या दुकानाची पाटीही रात्रभर उजळत राहते. यावर उपाय आहे. रुग्णालयाला आणि पंपगृहाला स्वतंत्र वाहिनी ओढून द्यायची, म्हणजे उरलेला फीडर इतरांच्या बरोबरीने अंधार सोसू शकतो. पण त्यासाठी केबल हवी, रस्ता खोदायला माणसं हवीत आणि काही आठवड्यांची उसंत हवी. युद्धात या तिन्हींची वानवा असते. शांततेच्या काळात हे काम करून ठेवलेलं शहर नंतर कितीतरी न्यायाने अंधार वाटू शकतं.

दुसरा मुद्दा वेळापत्रकाचा. युक्रेनमध्ये ग्राहकांचे गट पाडून कोणत्या गटाची वीज कोणत्या तासाला जाणार, हे आधी जाहीर केलं जाऊ लागलं. ठरलेले चार तास अंधार आणि केव्हाही जाणारे चार तास, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वेळ माहीत असली की माणूस त्याआधी पाणी भरून ठेवतो, स्वयंपाक उरकतो, म्हाताऱ्या आईला लिफ्टने खाली नेऊन आणतो. नवा हल्ला झाला की वेळापत्रक गुंडाळून तातडीची कपात करावी लागते, आणि तेव्हा तसं स्पष्ट सांगणंही तितकंच गरजेचं असतं.

नोव्हेंबर 2022 पासून तिथे ठिकठिकाणी शाळांत, सरकारी इमारतींत आणि तंबूंत ‘अजिंक्यता केंद्रं’ उघडली गेली. तिथे ऊब, पिण्याचं पाणी, फोन चार्ज करायची सोय आणि इंटरनेट मिळतं. हिशेब सरळ आहे: शेकडो घरं गरम ठेवण्याइतकं इंधन नसेल तर एक मोठं दालन गरम ठेवायचं आणि लोकांना तिथे बोलवायचं.

नळातला दाब

वीज आली की दिवा लगेच लागतो. पाण्याचं तसं नाही.

नळांचं जाळं स्वच्छ राहतं ते सतत दाबाखाली असल्यामुळे. कुठल्याही शहराच्या जमिनीखालच्या नळांना बारीक गळत्या असतातच. दाब असेपर्यंत त्यांतून पाणी बाहेर झिरपतं. दाब गेला की प्रवाह उलटतो. भोवतालच्या ओल्या मातीतलं, कधी शेजारच्या फुटक्या मैलावाहिनीतलं घाण पाणी त्याच भोकांतून आत ओढलं जातं. त्यामुळे केंद्रातून निघताना निर्मळ असलेलं पाणी घरी पोहोचेपर्यंत दूषित होऊ शकतं. खंडानंतर आलेलं पहिलं पाणी सोडून द्या, प्यायचं ते उकळा, असं सांगतात ते याचसाठी. पुन्हा पंप सुरू करतानाही घाई चालत नाही. रिकाम्या नळांतली हवा आणि जोरात धावत येणारं पाणी यांच्या धक्क्याने जुने नळ फुटतात. व्हॉल्व्ह हळूहळू फिरवत, एकेक विभाग भरत जावं लागतं. चार तास वीज गेली तर वरच्या मजल्यावरचा नळ त्याहून कितीतरी जास्त वेळ कोरडा का राहतो, त्याचं कारण हे.

मग क्लोरीन. मोठ्या केंद्रांत तो सहसा द्रवरूप वायूच्या सिलिंडरमधून येतो. त्याचा थोडासा अंश नळाच्या शेवटच्या टोकापर्यंत टिकला तर वाटेत शिरलेले जंतू मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार घरच्या नळापाशी दर लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा. युद्धात गळत्या वाढतात, म्हणजे क्लोरीन जास्त लागतो, आणि नेमका तेव्हाच तो मिळत नाही. इराकमध्ये 1991 च्या युद्धात बाँबहल्ल्यांनी वीजकेंद्रं निकामी झाली आणि त्यांच्यामागोमाग पाणी शुद्ध करणारी व मैला उपसणारी केंद्रंही ढेपाळली. पुढे निर्बंधांच्या काळात रासायनिक शस्त्रांसाठी वापर होईल या भीतीने क्लोरीनच्या आयातीवरही बंधनं होती. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

आघाडीजवळच्या शहरात पेच आणखी वेगळा असतो. क्लोरीनच्या सिलिंडरवर तोफगोळा पडला तर विषारी वायूचा ढग वस्तीवर येईल. म्हणून काही ठिकाणी सोडियम हायपोक्लोराइटचं, म्हणजे ब्लीचसारखं, द्रावण वापरतात. ते तुलनेने सुरक्षित असतं, पण वाहून न्यायला जड आणि उन्हात-उकाड्यात त्याचा जोर ओसरतो. ते मिठाच्या पाण्यापासून जागेवरच तयार करणारी यंत्रंही असतात, आणि ती चालतात विजेवर. फिरून गाडी विजेपाशीच येते.

नळच बंद पडले तर मग टँकर आणि सार्वजनिक नळ. मदतकार्यातल्या किमान मानकानुसार पिणं, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून माणशी दिवसाला निदान 15 लिटर पाणी लागतं. चार जणांच्या घराला 60 लिटर, म्हणजे 60 किलो. लिफ्ट बंद असताना हे ओझं नवव्या मजल्यावर कोण चढवणार? एकट्या राहणाऱ्या वृद्धांची आणि अपंगांची यादी प्रशासनाकडे हवी ती अशा वेळी. शिवाय रांग म्हणजे गर्दी, आणि गर्दी म्हणजे लक्ष्य. बोस्नियाची राजधानी सारायेव्होच्या वेढ्यात जुलै 1993 मध्ये दोब्रिन्या भागात पाण्यासाठी उभ्या असलेल्या लोकांवर तोफगोळा पडला आणि दहाहून अधिक माणसं मेली. त्यामुळे एक मोठं पाणीकेंद्र उघडण्यापेक्षा आडोशाला असलेली अनेक छोटी केंद्रं बरी. सारायेव्होतच अमेरिकन मदतकार्य अभियंता फ्रेड क्युनी याने शुद्धीकरणाची यंत्रणा विमानाच्या पोटात मावेल अशा तुकड्यांत बनवून आणली आणि रस्त्याच्या एका बोगद्यात बसवली. वर डोंगराचं छत असल्यामुळे तोफांची भीती कमी. मिल्याच्का नदीचं पाणी तिथे शुद्ध होऊन शहरात जाऊ लागलं.

नळातला दाब आग विझवायलाही लागतो. 29 डिसेंबर 1940 च्या रात्री लंडनवर आग लावणाऱ्या बाँबचा वर्षाव झाला, तेव्हा मोठे जलवाहिनी नळ फुटले होते आणि नेमकी ओहोटी असल्याने थेम्स नदीचं पाणीही खाली गेलं होतं. पेटलेल्या वस्तीत उभ्या असलेल्या अग्निशामकांच्या हातातले पाइप कोरडे पडले. पुढे बाँबने पडलेल्या इमारतींच्या तळघरांत पाणी भरून आगीसाठीचे साठे तयार केले गेले.

जे दिसत नाही ते

मैला आणि कचरा यांकडे युद्धात सर्वात शेवटी लक्ष जातं, आणि माझ्या मते ही सर्वात महागात पडणारी चूक. सखल भागातला मैला पंपांनी वर उचलावा लागतो. पंप थांबले की तो तळघरांतून आणि रस्त्यांवरच्या झाकणांतून वर येतो. तो शुद्ध न करताच नदीत किंवा समुद्रात सोडणं हा वाईट पर्याय, पण घरांत शिरू देण्यापेक्षा बरा. असे कडू निर्णय अधिकाऱ्यांना घ्यावे लागतात.

येमेनमध्ये काय झालं ते पाहा. 2016 च्या उत्तरार्धापासून सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार थकले. राजधानी सना इथल्या सफाई कामगारांनी 2017 च्या वसंतात काम थांबवलं, कचऱ्याचे ढीग साचले, त्यात पाऊस आला. एप्रिलच्या अखेरीला कॉलऱ्याची दुसरी लाट उसळली आणि वर्ष संपेपर्यंत देशभरातल्या संशयित रुग्णांचा आकडा 10 लाखांवर गेला. याला कारणं अनेक होती. मोडलेली पाणीव्यवस्था होती, उपासमार होती. पण न मिळालेला पगार त्यांतलं एक कारण होतं हे विसरता येत नाही. गाझामध्ये जुलै 2024 मध्ये मैल्याच्या नमुन्यांत पोलिओचा विषाणू सापडला आणि ऑगस्टमध्ये एका तान्ह्या बाळाला त्यानेच लुळं केल्याचं निष्पन्न झालं. तिथे 25 वर्षांत असा रुग्ण आढळला नव्हता.

याच्या अगदी उलट उदाहरण दुसऱ्या महायुद्धातल्या लेनिनग्राडचं, म्हणजे रशियातल्या आजच्या सेंट पीटर्सबर्गचं. 1941-42 च्या हिवाळ्यात वेढलेल्या त्या शहरात इंधन संपलं, नळ आणि गटारं गोठली, डिसेंबरात प्रवासी ट्राम थांबल्या. नोकरदार, मुलं आणि अवलंबितांना मिळणारा पाव दिवसाला 125 ग्रॅमवर आला होता. सगळी घाण अंगणांत आणि रस्त्यांवर बर्फाखाली साचली होती. बर्फ वितळला की साथ येणार हे उघड होतं. मार्चच्या अखेरीपासून 15 एप्रिलपर्यंत उपासमारीने खंगलेल्या लाखो लोकांनी, त्यांत बायकाच फार, पहारी आणि फावडी घेऊन सुमारे 10 लाख टन घाण, बर्फ आणि राडारोडा उपसला. थोडीशी वीज हाती आली तेव्हा ती आधी मालवाहू ट्रामला दिली गेली, म्हणजे कचरा वाहता येईल. प्रवासी ट्राम त्यानंतर, 15 एप्रिल 1942 ला सुरू झाली. क्रम लक्षात घ्या: आधी घाण, मग प्रवासी. ज्याची भीती होती ती मोठी साथ आली नाही.

डिझेल, नट-बोल्ट आणि माणसं

वीज नाही तर जनरेटर लावा, असं सहज म्हटलं जातं. जनरेटरला एक युनिट वीज करायला साधारण पाव लिटरहून थोडं जास्त डिझेल लागतं. म्हणजे 100 किलोवॅटचा जनरेटर पूर्ण भाराने दिवसभर चालवला तर 600 ते 700 लिटर. एका मध्यम पंपगृहाची ही रोजची भूक. तेच डिझेल रुग्णवाहिकेला हवं, कचरागाडीला हवं, आणि सैन्यालाही. शिवाय आणीबाणीत काही तास चालण्यासाठी घेतलेलं यंत्र महिनोन्‌महिने चालवलं की तेल, फिल्टर, पट्टे सतत बदलावे लागतात. मदत म्हणून देशोदेशींहून आलेले जनरेटर वेगवेगळ्या बनावटीचे असतात आणि एकाचा फिल्टर दुसऱ्याला बसत नाही. लंडनलाही हा धडा मिळाला होता. बाँबहल्ल्यांच्या काळात मदतीला धावून आलेल्या बाहेरगावच्या अग्निशामक दलांची साधनं आणि जोडण्या एकमेकांना जुळत नसत. अखेर ऑगस्ट 1941 मध्ये सगळी दलं एकत्र करून एकच राष्ट्रीय अग्निशामक सेवा उभी केली गेली.

उच्च दाबाच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरची गोष्ट तर याहून अवघड. एकेकाचं वजन शंभर टनांच्या वर जातं, ते मागणीनुसार बनतात, आणि यायला वर्ष किंवा अधिक लागू शकतं. युक्रेनचं जाळं सोव्हिएत काळातलं, 330 आणि 750 किलोव्होल्टचं. युरोपात इतरत्र हे दाब फारसे वापरात नाहीत, त्यामुळे शेजाऱ्याची मदत करायची कितीही इच्छा असली तरी गोदामातून उचलून देण्याजोगं यंत्र त्याच्याकडे नसतं. म्हणून उपकेंद्रांभोवती दगड-वाळूच्या जाळीपिशव्या आणि काँक्रीटच्या भिंती उभारण्यात इतका पैसा घातला जातो.

आणि माणसं. तरुण कामगार सैन्यात जातात, कुटुंबवाले सुरक्षित गावी जातात. उरतात ते निवृत्तीला आलेले लोक, आणि शहर त्यांच्या आठवणीवर चालतं. कोणत्या चौकात कोणता व्हॉल्व्ह गाडला आहे, कोणता उलटा फिरतो, हे नकाशावर बऱ्याचदा नसतंच. डिसेंबर 2015 मध्ये युक्रेनच्या काही वीज कंपन्यांच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. ती काही तासांतच परत आली, कारण कर्मचारी गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हातांनी ब्रेकर, म्हणजे वीज जोडणारे मोठे स्विच, चढवले. हाताने चालवता येणारी जुनी यंत्रणा आणि ते काम जमणारी माणसं शाबूत होती. सगळं स्वयंचलित करताना हातांचा पर्याय मोडीत काढणाऱ्या प्रत्येक शहराने या घटनेचा विचार करावा.

हेच कामगार सर्वात जास्त धोक्यात असतात. फुटलेला नळ जिथे असतो तिथेच पुन्हा गोळे पडतात. पूर्व युक्रेनमधलं दोनेत्स्क जलशुद्धीकरण केंद्र वर्षानुवर्षं दोन सैन्यांच्या मधोमध होतं. एप्रिल 2018 मध्ये तिथल्या कामगारांच्या बसवर गोळीबार होऊन पाच जण जखमी झाले. अशा ठिकाणी दुरुस्तीसाठी दोन्ही बाजूंशी बोलून काही तासांचा गोळीबारबंदीचा अवधी ठरवावा लागतो. जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पहिल्या पूरक करारातलं (प्रोटोकॉल) कलम 54 पिण्याच्या पाण्याची केंद्रं आणि साठे यांसारख्या जगण्याला अत्यावश्यक गोष्टींवर नागरिकांना त्या मिळू नयेत म्हणून हल्ला करायला मनाई करतं. मनाई आहे, आणि तरी हल्ले होतात.

खारं पाणी सोडायचं की नाही

शेवटी एक निर्णय नीट पाहू, कारण असे प्रश्न किती कठीण असतात ते त्यातून कळतं. दक्षिण युक्रेनमधलं मिकोलाइव हे युद्धाआधी पावणेपाच लाखांच्या आसपास वस्तीचं शहर. नीपर नदीचं पाणी आणणारी त्याची मोठी जलवाहिनी एप्रिल 2022 मध्ये लढाईत तुटली. सुमारे महिनाभर नळ कोरडे होते. मग प्रशासनाने शहराला लागून असलेल्या खाडीचं खारट पाणी नळांत सोडलं. ते पिता येत नव्हतं, स्वयंपाकाला चालत नव्हतं, त्याने अंघोळीनंतर अंग खाजायचं. पिण्याचं पाणी लोकांनी पुढची तीन वर्षं वाटप केंद्रांवरून कॅनमध्ये भरून नेलं. खाऱ्या पाण्याने लोखंडी नळ आतून गंजले आणि गळत्या वाढत गेल्या.

अभियंत्यांना हे आधीच ठाऊक होतं. तरीही पाणी सोडलं, कारण संडास धुतले जायला हवे होते, मैलावाहिन्या वाहत्या राहायला हव्या होत्या, आग विझवायला पाणी हवं होतं आणि हिवाळ्यात घरं तापवायलाही. लाखो माणसांच्या शहरात घाण साचून राहिली तर काय होतं ते सनामध्ये दिसलंच होतं. मला तो निर्णय बरोबर वाटतो. फक्त असा निर्णय ज्या दिवशी होतो, त्याच दिवसापासून कोणत्या रस्त्याखालचा किती लांबीचा, कोणत्या व्यासाचा नळ खराब होतोय याची नोंद सुरू व्हायला हवी. पंप आणि जनरेटर देणारे देश आणि संस्था भेटतात, त्यांचं छायाचित्र काढता येतं. जमिनीखाली सडलेल्या शेकडो किलोमीटर नळांसाठी पैसे मागायला जाताना शहराच्या हातात त्या नोंदींशिवाय दुसरं काही नसतं.